फ्रीज-एसीचा मेकॅनिक आणि सनदेचा कागद

मी कापडाचा व्यापारी. फ्रीज-एसीच्या मेकॅनिकांविषयी मी लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल, म्हणून कारण आधी सांगतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, खामगावच्या आमच्या दुकानातला दीड टनी एसी थंड हवा देईनासा झाला. आमचे नेहमीचे उस्ताद त्या दिवशी मलकापूरला कामावर गेले होते. नोकराने बाजारातून एक पोरगा धरून आणला. पोराने मशीनला हात लावून पाहिला, "गॅस कमी झाला" म्हणाला, आपल्या सिलिंडरमधला गॅस भरला आणि पैसे घेऊन गेला. दोन दिवस मशीन कसेबसे चालले, तिसऱ्या दिवशी बंद पडले. उस्ताद आले. त्यांनी पहिल्यांदा चष्मा काढला, बाहेरच्या युनिटवरची चिठ्ठी वाचली आणि विचारले, "पोराने कोणता गॅस भरला?" मशीन आर-३२ गॅसचे होते. पोराने भरला होता आर-२२. वॉरंटीची मुदत शिल्लक होती, पण बाहेरच्या माणसाने मशीन उघडले म्हणून कंपनीने हात वर केले. कॉम्प्रेसर नवा टाकावा लागला. चौदा हजार रुपये गेले, आणि उकाड्याने उठून गेलेली गिऱ्हाइके वेगळीच.

पैसे गेले त्याचे दुःख आहेच. पण त्या दिवशी उस्ताद काम करता करता जे बोलले ते मला जास्त लागले. त्यांना या धंद्यात तीस वर्षे झाली. अकोल्यात मामूच्या दुकानावर शागिर्दी केली, मग खामगावात आले. ते म्हणाले, "सेठ, चार महिन्यांपूर्वी एका कार्यालयातल्या दहा एसींचा वर्षाचा करार निघाला होता. मी गेलो. साहेबांनी सर्टिफिकेटची झेरॉक्स मागितली. माझ्याजवळ काय? काम दुसऱ्याला गेले. आता त्या करारावर प्रत्यक्ष काम करायला कोण जातो माहीत आहे? माझाच जुना शागीर्द. रोजंदारीवर."

कापडाच्या थानावर किनारीला गिरणीचा छाप असतो. छाप नसला म्हणून कापड वाईट ठरत नाही, आणि छाप असून सूत कच्चे निघालेले थान मी पुष्कळ पाहिले आहे. तरी परगावच्या गिऱ्हाइकाला, ज्याची आपली ओळख नाही त्याला, छापच दाखवावा लागतो. आपल्या मोहल्ल्यात उस्तादांना कागदाची गरज नाही. मोहल्ल्याबाहेर पाऊल टाकले की आहे. तेव्हा हा कागद म्हणजे नेमका काय, तो कायद्याने सक्तीचा आहे का आणि कुठे मिळतो, याचा मी काही महिने शोध घेतला. जे कळले ते मांडतो.

कायदा काय म्हणतो

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात : फ्रीज-एसी दुरुस्त करायला सरकारचा परवाना लागतो का? उत्तर : नाही. आपल्या देशात डॉक्टरला, वकिलाला, मोटार चालवणाऱ्याला लायसन्स लागते, पण "एसी मेकॅनिक" या नावाचे सक्तीचे लायसन्स नाही. गंमत अशी की २०१० सालापासून एसीच्या मशीनवर विजेच्या बचतीचे तारे लावणे कंपन्यांना सक्तीचे झाले. मशीनला तारे आहेत, ते उघडणाऱ्या हाताला काहीच नाही.

पण म्हणून आपण कायद्याच्या पूर्ण बाहेर आहोत असे कोणी समजू नये. विजेचा कायदा आपल्याला शिवतो. पूर्वी १९५६ च्या भारतीय वीज नियमांत, पुढे २०१० च्या आणि आता २०२३ च्या केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत एकच तत्त्व चालत आले आहे : वीजमांडणीचे काम राज्य सरकारची अनुज्ञप्ती असलेल्या कंत्राटदाराने, सक्षमता प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याच्या हातून करावे. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलणे यात येत नाही. घरगुती उपकरण पहिल्याच्या जागी तसेच बसवणेही येत नाही. पण जुन्या पंख्याच्या वायरवर दीड टनी एसी जोडायचा, नवा पॉइंट काढायचा, मीटरपासून जाड वायर ओढायची, एमसीबी बदलायची, हे वीजमांडणीचे काम झाले. ते परवान्याशिवाय करणारा मेकॅनिक रोज कायदा मोडतो आणि त्याला ते ठाऊकही नसते. आग लागली, विमा कंपनीचा माणूस आला, की मग ठाऊक होते.

दुसरा संबंध सिलिंडरचा. दाबाखालच्या वायूच्या नळकांड्यांसाठी २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत. ते पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच विदर्भात, नागपूरला आहे. एकदाच वापरायचे पातळ पत्र्याचे सिलिंडर पुन्हा भरू नयेत, असे त्याच्या अंगावरच छापलेले असते. आपल्याकडे ते सर्रास भरले जातात. हे थांबले पाहिजे. उन्हात ठेवलेल्या मोटारसायकलच्या डिकीत असले नळकांडे म्हणजे बॉम्ब आहे.

तिसरा संबंध ओझोनचा. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण पोराने माझ्या मशीनमध्ये चुकीचा गॅस भरला त्याचे मूळ त्यातच आहे.

गॅस का बदलले

जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ असायचा, जुन्या एसीत आर-२२. हे वायू न पेटणारे, माणसाला फारसे न बाधणारे, म्हणून कारागिराला सोयीचे. पण हवेत सुटले की वर जाऊन ते सूर्याच्या घातक किरणांपासून आपल्याला राखणारा ओझोनचा थर खातात, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. २००० साली ओझोन घटवणाऱ्या पदार्थांविषयीचे नियम आपल्याकडे आले आणि असे वायू बनवणारे, आणणारे, विकणारे नोंदणीच्या कक्षेत आले. १ जानेवारी २०१० नंतर आर-१२ सारखे सीएफसी वायू या कामातून गेले. आता पाळी आर-२२ ची आहे. १ जानेवारी २०२५ पासून नवी उपकरणे बनवताना त्याचा वापर बंद झाला. करारानुसार आपल्यासारख्या देशांत २०३० पर्यंत तो जवळजवळ संपायचा आहे आणि जुन्या मशीनच्या सर्व्हिसिंगपुरता अगदी थोडा हिस्सा २०४० पर्यंत राहील. म्हणजे आज पंचविशीतला जो पोरगा फक्त आर-२२ चे काम शिकला आहे, त्याचा हुनर तो चाळिशीला पोहोचेपर्यंत बाजारातून उठलेला असेल.

पुढे आणखी एक गोष्ट निघाली. आर-२२ च्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वीची हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडा देशातील किगाली शहरात जुन्या कराराला दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ साली स्वीकारली. त्या दिशेने बाजारात आले ते आर-३२ आणि आर-२९०, आणि फ्रीजमध्ये आर-६००ए. आर-३२ ची ताप वाढवण्याची शक्ती आर-४१०ए च्या एक-तृतीयांश आहे. आर-२९० ची तर नगण्य. आपल्या देशातली एक मोठी कंपनी २०१२ पासून आर-२९० चे एसी बनवत आहे.

आता कारागिराने कान देऊन ऐकावे अशी गोष्ट. आर-२९० म्हणजे प्रोपेन. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीत जे असते त्याच घराण्यातले हे वायू. आर-३२ त्यांच्याइतका जहाल नाही, पण तोही पेटतो. तीस वर्षे आपले उस्ताद गळती शोधायला ज्योत लावत आले, नळी कापताना उरलेला गॅस खोलीतच सोडत आले. आर-२२ ने ते सारे सहन केले. नवा गॅस सहन करणार नाही.

आमच्या उस्तादांनी दुकानात बसून मला समजावले ते मी जसेच्या तसे मांडतो, कारण पुस्तकापेक्षा ते मला लवकर कळले. चिठ्ठी वाचल्याशिवाय नटाला पाना लावायचा नाही. चिठ्ठीवर गॅसचे नाव आणि वजन दोन्ही असते. गॅस गेजकडे पाहून अंदाजाने भरायचा नाही, काट्यावर तोलून भरायचा. "सेठ, तुम्ही मीटर न लावता कापड फाडता का?" असे ते म्हणाले. गळती साबणाच्या पाण्याने पाहायची. दारे-खिडक्या उघडायच्या आणि देवघरातला किंवा चुलीचा दिवा विझवायला सांगायचा. नळीला झाळ देण्यापूर्वी आतून नायट्रोजन फिरवायचा. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल पूर्ण काढायची. कॉम्प्रेसर चालवून त्यानेच हवा ओढून काढण्याची जी जुनी युक्ती आहे, ती सोडून द्यायची, कारण गॅसच्या जागी हवा आत असताना कॉम्प्रेसर चालला तर आतले तेल दाबाने पेटून कॉम्प्रेसर फुटतो.

आणि एक गोष्ट त्यांनी आवाज खाली करून सांगितली. दाब तपासायला काही पोरे वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजनचे सिलिंडर आणतात, कारण नायट्रोजनपेक्षा ते सहज मिळते. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो. त्यात माणूस जातो. दाब फक्त कोरड्या नायट्रोजनने तपासायचा.

यातले निम्मे उस्तादांना अनुभवाने कळले आणि निम्मे एका कंपनीच्या दोन दिवसांच्या शिबिरात. त्या शिबिराचा कागद त्यांना मिळाला होता. तो त्यांनी कुठे ठेवला हे त्यांना आठवत नाही!

बाहेरच्या मुलखात

अमेरिकेत १४ नोव्हेंबर १९९४ पासून नियम आहे की एसी-फ्रीजमधला गॅस ज्या मशीनमधून सुटू शकतो ते मशीन उघडायचे तर परीक्षा पास झालेला तंत्रज्ञच हवा. त्यांच्या स्वच्छ हवा कायद्याच्या ६०८ व्या कलमाखाली ही परीक्षा होते. तिचे प्रकार चार : छोटी घरगुती उपकरणे, जास्त दाबाची मशीन, कमी दाबाची मोठी मशीन आणि या तिन्हींची मिळून एक. एकदा पास झाले की ते प्रमाणपत्र जन्मभराचे. पण मला खरी पटली ती दुसरी अट. प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय दुकानदार गॅसचे सिलिंडर विकू शकत नाही. पाळत मेकॅनिकवर न ठेवता गल्ल्यावर ठेवली. युरोपातही अशा वायूंवर काम करणाऱ्यांना प्रमाणपत्र लागते.

आपल्या लोकांचा संबंध अमेरिकेपेक्षा आखाताशी जास्त. खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव, चिखली, मेहकर, कोणत्याही गावचे घर घ्या, कोणी ना कोणी जेद्दा, रियाध किंवा दुबईला असतो. सौदी अरेबियाने परदेशी कामगारांसाठी कौशल्य पडताळणीची परीक्षा सुरू केली आहे आणि प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर यांच्याबरोबर एसी-रेफ्रिजरेशनचे कामही तिच्यात आहे. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही द्यावे लागते, आणि तेही इथेच, जाण्यापूर्वी. उस्तादांचा मुलगा मुंबईला मुलाखतीला गेला होता. हातात बापाच्या दुकानाच्या लेटरहेडवर लिहिलेले "दहा वर्षांचा अनुभव" एवढेच. एजंटने त्याला मेकॅनिकऐवजी हेल्परच्या जागेवर पाठवायची तयारी दाखवली. काम तेच, पगार कमी. मुलगा परत आला. माझ्या मते बरे केले.

कागद कुठे मिळतो

सगळ्यात पक्का कागद आयटीआयचा. रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग तंत्रज्ञ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. प्रवेशाला दहावी पास, विज्ञान आणि गणितासह. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. ते देशभर आणि देशाबाहेरही चालते. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत ऑनलाइन होतात. प्रत्येक आयटीआयमध्ये प्रत्येक ट्रेड नसतो, तेव्हा खामगाव, बुलडाणा आणि शेजारी अकोल्याची यादी एकाच दिवशी पाहून पर्याय भरावेत. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाने काही आयटीआयमध्ये अल्पसंख्याक मुलांसाठी जादा पाळीच्या तुकड्या काढल्या होत्या. तशी तुकडी जवळ आहे का, हेही त्याच खिडकीवर विचारावे.

इथे उर्दू माध्यमाच्या मुलांविषयी दोन शब्द, कारण मी स्वतः उर्दू शाळेतून शिकलो. आपल्या मुलांना आयटीआयची भीती वाटते ती कामाची नाही, भाषेची. वर्कशॉपमध्ये शिक्षक मराठीत बोलतो, पुस्तक इंग्रजी किंवा हिंदी, परीक्षा संगणकावर. मी व्यापारात उतरलो तेव्हा मराठीत बिल लिहिताना माझा हात थरथरत असे. सहा महिन्यांत ती भीती गेली. आणि या धंद्याचे शब्द तसेही सगळ्यांचे सारखेच आहेत : कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी, कॅपॅसिटर. ते उर्दूत वेगळे नाहीत आणि मराठीतही नाहीत. दहावीनंतर मुलाला थेट दुकानावर बसवण्याची घाई करू नये. दोन वर्षे सकाळी आयटीआय, संध्याकाळी दुकान, असे चालू शकते.

दुसरा मार्ग शिकाऊ उमेदवारीचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विद्यावेतन घेऊन शिकता येते आणि परीक्षेनंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. पण यात आपली एक अडचण आहे आणि ती कोणी बोलत नाही. २०१९ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणे सक्तीचे, चार ते एकोणतीस माणसे असतील तर ऐच्छिक, आणि त्याहून लहान दुकानाला ही सोयच नाही. आपले उस्ताद-शागिर्दीचे दुकान म्हणजे एक उस्ताद आणि दोन पोरे. ज्या दुकानांनी हा हुनर पिढ्यान् पिढ्या पोसला तीच कायद्याच्या नजरेत शिकवण्याची जागा नाहीत. यावर उपाय एकच दिसतो : गावातल्या चार-पाच उस्तादांनी एकत्र येऊन एक नोंदणीकृत फर्म करावी. खामगावच्या चांदी बाजारात कारागीर शेजारी शेजारी बसून धंदा करतात, एकमेकांची गिऱ्हाइके तोडत नाहीत. आपल्या मेकॅनिकांना ते का जमू नये? आज आपण एकमेकांचे भाव पाडण्यात गुंतलो आहोत.

तिसरा मार्ग आमच्या उस्तादांसारख्यांसाठी. ज्याला काम येते पण कागद नाही, त्याच्या आधीच्या शिक्षणाला मान्यता देण्याची पद्धत आता आहे. तिला आरपीएल म्हणतात. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ती जोडली गेली. काही तासांची उजळणी, मग बाहेरच्या परीक्षकापुढे तोंडी आणि प्रत्यक्ष काम, आणि पास झाल्यावर प्रमाणपत्र. इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेकडे एसीच्या फील्ड तंत्रज्ञाचे काम आहे. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशाचा शीतकरण कृती आराखडा काढला, त्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. त्या लाखात आपल्या जिल्ह्याच्या बाजारपेठेतले किती? मला तरी एकही भेटला नाही. शिबिर लागते पुण्याला, नागपूरला, आणि बातमी आपल्याकडे येते ते संपल्यावर. बुलडाण्याला जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. वीस-पंचवीस मेकॅनिकांच्या सह्यांचा अर्ज तिथे गेला तर शिबिर खामगावात मागता येते. एकटा माणूस गेला तर त्याला फॉर्म मिळतो, पंचवीस गेले तर तारीख मिळते.

आरपीएलचा कागद आयटीआयच्या तोडीचा नाही हे स्पष्ट सांगतो. पण करारासाठी झेरॉक्स मागणाऱ्या साहेबांपुढे ठेवायला तो पुरतो.

याच्या जोडीला तारतंत्री परवाना. तो राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतो आणि विजेच्या ट्रेडमधून आयटीआय झालेल्याला तो मिळवणे सोपे जाते. घरातला एक मुलगा रेफ्रिजरेशनला आणि दुसरा इलेक्ट्रिशियनला घातला, तर त्या घराचे दुकान मशीनही बसवू शकते आणि वायरही कायदेशीर ओढू शकते. हा व्यापारी हिशेब मी पाचसहा घरांना सांगितला आहे.

एक इशारा. दोन हजार रुपयांत, बिनपरीक्षा, घरपोच "डिप्लोमा" देणारे लोक फिरत असतात. त्यावर सिंहाचे चित्र, सोनेरी शिक्का सगळे असते. खरे आयटीआय प्रमाणपत्र सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून तपासता येते. जे तपासता येत नाही ते कागद नव्हे, रद्दी. आणि २०२३ साली निघालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत फ्रीज-एसीचा धंदा बसवून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. त्या योजनेत अठरा पारंपरिक धंदे आहेत, लोहार, सुतार, शिंपी, गवंडी वगैरे. एसी मेकॅनिक त्यात नाही.

कूलरवाल्यांसाठी

आतापर्यंत एसीचेच बोललो, पण आपल्या वऱ्हाडात थंडाव्याचा खरा धंदा कूलरचा आहे. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत ओल्या ताटीतून आलेला वारा एसीला मागे टाकतो. जूनमध्ये ढग आले की तोच कूलर घाम फोडतो, कारण हवेतच पाणी असल्यावर ताटीतले पाणी उडणार कसे? यात गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही, म्हणून पत्र्याचे कूलर बनवणाऱ्या आपल्या कारागिरांना वाटते की आपला या कागदांशी संबंध नाही.

संबंध आहे, आणि जास्त जवळचा आहे. लोखंडी पत्रा, त्यात पाणी, पाण्यात पंप आणि पंपाला वीज. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कोणाचे तरी मूल, कोणाची तरी बायको गेल्याची बातमी येते आणि महावितरण दर उन्हाळ्यात तेच आवाहन करते. कूलरसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३३१५. ते पूर्ण पाळणे लहान कारागिराला जड जाईल, मान्य. पण तीन पिनांचा प्लग आणि पत्र्याला पक्का जोडलेला अर्थिंगचा तार, एवढे न देता कूलर दुकानाबाहेर जाऊ देऊ नये. गिऱ्हाइकाला घरी तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवायला सांगावे. शंभर-दोनशे रुपये वाचवायला दोन पिनांचा प्लग लावणारा कारागीर मला माहीत आहे. तो वाईट माणूस नाही. त्याला कोणी शिकवलेच नाही.

गिझर बसवणाऱ्यांनाही एक गोष्ट. बुलडाणा शहर डोंगरावर, तिथे हिवाळ्यात गिझर खूप बसतात, आणि स्वस्त म्हणून गॅसचे. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावला तर जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि नहाणारा माणूस आतच राहतो. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. गिऱ्हाईक आतच बसवा म्हणाले तर काम सोडून द्यावे.

उस्तादांचे म्हणणे

हे सगळे मी उस्तादांना वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सेठ, माझ्या हाताखाली शिकलेले अकरा जण आज पोट भरतात. पंचवीस वर्षांच्या परीक्षकापुढे मी उभा राहून कॅपॅसिटर म्हणजे काय ते सांगू?"

याला उत्तर देणे मला सोपे गेले नाही. आपल्याकडे शिकवणाऱ्याचा शब्द हीच सनद होती. उस्तादाने खांद्यावर हात ठेवून "आता तू कर" म्हटले की शागीर्द कारागीर झाला. ती सनद खोटी नव्हती, आजही नाही. पण ती देणाऱ्याला ओळखणारा बाजार लहान होता. आज मशीन जपान-कोरियाच्या नकाशावर बनते, गॅस दर दहा वर्षांनी बदलतो आणि गिऱ्हाईक फोनवर मेकॅनिक शोधते. मी त्यांना एवढेच म्हणालो की तुम्ही कॅपॅसिटर सांगायला जाऊ नका, त्या परीक्षकाला ऑक्सिजनच्या सिलिंडरची गोष्ट सांगायला जा. त्याने ती पुस्तकात वाचली असेल, तुम्ही पाहिली आहे.

ते हसले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. दहावीची गुणपत्रिका, आधार, रेशनकार्ड, अल्पसंख्याक असल्याचे स्वयंघोषणापत्र, सगळे एका फाईलमध्ये घालून आयटीआयच्या अर्जासाठी. दुकानाची उद्यम नोंदणीही आम्ही त्याच दिवशी संगणकावर केली. ती फुकट आहे, अर्धा तास लागला. शॉप अ‍ॅक्टखाली लहान दुकानाला आता परवान्याऐवजी फक्त सूचना द्यावी लागते, तीही दिली. सगळे संपल्यावर मुलाने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. उस्तादांच्या त्या जुन्या शिबिराचे प्रमाणपत्र होते ते. कपाटात, वर्तमानपत्राच्या खाली सापडले. एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे, पण नाव आणि तारीख वाचता येते. त्याची झेरॉक्स काढून आरपीएलच्या अर्जाला जोडली आहे. अर्जावर उस्तादांची सही अजून व्हायची आहे. सध्या ते जळगाव जामोदला एका दवाखान्याच्या कामावर आहेत, शुक्रवारी परततील.